तळ्यातला गाळ, परागकण आणि ओसाड पडलेला कप्पाडोकिया

तळ्याकाठचा

रोमन साम्राज्य का बुडालं यावर इथे दर दोन-तीन महिन्यांनी मारामारी होतेच. हल्ली त्यात एक नवीन पार्टी आलीय, "हवामानानं बुडवलं" वाली. ज्वालामुखी फुटला, थंडी पडली, प्लेग आला, खेळ खल्लास. मागच्या धाग्यावर दीडशे प्रतिसाद झाले आणि त्यात पुरावा म्हणावा असं कुणी फारसं काही दिलं नाही (मीही नाही, मी फक्त पॉपकॉर्न खात होतो). म्हणून वेगळा धागा काढतोय. एकच तळं घेऊ आणि त्याच्या गाळात काय सापडलं ते बघू.

तुर्कस्तानातला कप्पाडोकिया सगळ्यांना फोटोंमुळे माहिती आहे, ते गरम हवेचे फुगे उडतात तो. त्या भागात नार नावाचं एक छोटं तळं आहे, जुन्या ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं, समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटरवर. तळं छोटं पण खोल, आणि खाली ऑक्सिजन नसतो त्यामुळे गाळ उकरणारे किडे-अळ्या तिथे जगत नाहीत. परिणाम असा की दरवर्षी जो थर बसतो तो तसाच राहतो, उन्हाळ्यात चुन्याचा पांढरट थर आणि बाकीच्या काळात काळपट थर, एक जोडी म्हणजे एक वर्ष. नील रॉबर्ट्स, वॉरन ईस्टवुड वगैरे लोकांनी तिथून गाळाचे लांब नळकांडे काढले आणि थर मोजत मोजत जवळपास १७०० वर्षं मागे गेले. म्हणजे साधारण इ.स. ३०० पासून आजपर्यंतची वर्षावर्षाची वही हातात आली.

आता या थरांमध्ये परागकण अडकलेले असतात. आजूबाजूला जे काही फुलतं त्याची पावडर वाऱ्याने तळ्यात पडते आणि गाळात गाडली जाते. ते मोजले की कळतं त्या काळी भोवती काय उगवत होतं. आणि नारच्या गाळात जे दिसतं ते असं: ३०० च्या सुमारापासून धान्य, द्राक्ष, अक्रोड, ऑलिव्ह, चराऊ रानातलं तण, म्हणजे व्यवस्थित वस्ती असलेला, कसलेला मुलूख. हे चालू राहतं, चालू राहतं, आणि ६७० च्या आसपास एकदम कोसळतं. ओक आणि पाइनचे कण वाढतात, म्हणजे शेतात झाडोरा माजला. जवळजवळ पावणेतीनशे वर्षं हेच. मग ९५० च्या सुमारास परत धान्य दिसायला लागतं.

इथपर्यंत हवामानवाले म्हणतील बघा, आम्ही सांगत होतो. पण थांबा. त्याच गाळातल्या चुन्यातून पावसापाण्याचाही हिशोब निघतो. पाणी जास्त आटलं की हलका ऑक्सिजन आधी उडून जातो आणि जड ऑक्सिजन मागे राहतो, तो चुन्यात बसतो, त्यावरून कोरडी वर्षं आणि ओली वर्षं ओळखता येतात. तर हिशोब असा निघाला की साधारण ३०० ते ५०० हा काळ कोरडा होता आणि ५६० ते ७५० ओला. म्हणजे कोरड्या काळात लोकांनी शेती केली आणि चांगला पाऊस पडत असताना सोडून दिली!

थंडीचं म्हणाल तर २०१६ साली ब्यूंटगेन आणि मंडळींनी आल्प्स आणि रशियातल्या अल्ताई पर्वतातल्या झाडांच्या वलयांवरून दाखवलं की ५३६ ते साधारण ६६० एक छोटं हिमयुगच होतं. ठीक. पण मग कप्पाडोकियातले शेतकरी थंडीची सगळी सव्वाशे वर्षं काढून, थंडी संपत आल्यावर गाव सोडून गेले? त्यापेक्षा सरळ दिसणारी गोष्ट अशी की ६११ मध्ये इराणच्या सासानी फौजांनी सीझरिया म्हणजे आजचं कायसेरी घेतलं, आणि सातव्या शतकाच्या मध्यापासून अरबांच्या स्वाऱ्या जवळपास दर उन्हाळ्यात यायला लागल्या. सरहद्द नेमकी यांच्या अंगणात आली.

माझं म्हणणं एवढंच: माणसांनी काय केलं हे गाळ सांगतो, आभाळाने काय केलं हेही सांगतो, पण दोन्ही वेगवेगळे वाचावे लागतात. "पर्यावरणातला पुरावा" म्हटलं की लोक "पर्यावरण गुन्हेगार" असंच ऐकतात. तिथेच गडबड आहे.

गप्पिष्ट

मस्त धागा, वाखुसा (वाचनखूण साठवली). पण ते ५३६ चं काय? "मानवी इतिहासातलं सगळ्यात वाईट वर्ष" म्हणून दर आठवड्याला एक रील येतं मला. दीड वर्ष सूर्य दिसला नाही वगैरे. फेकाफेकी आहे का?

अभ्यासू_आळशी

फेकाफेकी नाही, पण रीलवाल्यांनी मसाला टाकलाय. हार्वर्डचे मायकल मॅककॉर्मिक म्हणाले होते की जगायला सगळ्यात वाईट काळांपैकी एकाची ती सुरुवात होती, त्याचं मीम झालं. मूळ गोष्ट खरी आहे. प्रोकोपियस नावाचा लेखक बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन) सेनापतीबरोबर फिरत होता, त्याने लिहिलंय की वर्षभर सूर्याचा उजेड चंद्रासारखा निस्तेज होता. इटलीत कॅसिओडोरस लिहितो की सूर्य निळसर दिसतो आणि भर दुपारी सावली पडत नाही. आयर्लंडच्या बखरीत ५३६ च्या नोंदीत भाकरी मिळाली नाही असं आहे. तिघांना एकमेकांचं तोंड माहिती नव्हतं. आणि ग्रीनलंड-अंटार्क्टिकाच्या बर्फात ज्वालामुखीच्या गंधकाचे थर त्याच वेळी सापडतात, ५३६, मग ५४०, मग ५४७ च्या सुमाराला, एकामागून एक.

तळ्याकाठचा, तुमचा धागा आवडला पण तुम्ही तुमच्या सोयीचं तळं निवडलंय असं मला वाटतं, राग नसावा. स्कँडिनेव्हियात जाऊन बघा. स्वीडनमध्ये सहाव्या शतकात गावंच्या गावं ओस पडलेली दिसतात, शेतावर जंगल येतं, आणि तिथे ना इराणी गेले ना अरब. जिथे उन्हाळा आधीच दोन-तीन महिन्यांचा तिथे दोन अंशांनी पारा उतरला की पीक पिकतच नाही. तेव्हा हवामानाला एकदम क्लीन चिट देऊ नका.

तळ्याकाठचा

क्लीन चिट नाही देत हो, जामीन देतोय. स्वीडनबद्दल पूर्ण सहमत, तिथे थंडीचा मारा थेट पिकावर होता. मी म्हणतोय ते एवढंच की स्वीडनचं उत्तर उचलून अनातोलियावर (तुर्कस्तानच्या पठारावर) चिकटवू नका. आणि लोक तेच करतात, एका ठिकाणची आलेखाची रेघ घेऊन अख्ख्या भूमध्य समुद्रावर फिरवतात.

खडूसकाका

दोन शंका. १३५० मीटर उंचीवर, जिथे हिवाळ्यात बर्फ पडतं, तिथे ऑलिव्ह? कैच्याकै. आणि दुसरं, गहू स्वतःच स्वतःला फलित करतो, त्याचे परागकण शेताबाहेर फारसे जातच नाहीत. मग तळ्याच्या तळाशी बसून तुम्ही गव्हाची शेती मोजली कशी? अभ्यासकांना विचारा जरा, नुसतं वाचून टाळ्या वाजवू नका.

मीरा_न

काका, दोन्ही शंका एकदम बरोबर आहेत. मी परागकणांच्या लॅबमध्ये काही वर्षं काम केलंय (भूमध्य नाही, आपल्याकडचे गाळ), त्यामुळे थोडं लिहिते, लांब झालं तर स्क्रोल करा.

ऑलिव्ह तिथे लावलेलं नसणारच, त्या पठाराची थंडी त्याला सोसत नाही. पण ऑलिव्हचे कण हलके आणि अमाप असतात, वाऱ्यावर डोंगर ओलांडून लांबून येतात. तेव्हा नारमधलं ऑलिव्ह म्हणजे तळ्याभोवतीची बाग नव्हे, दक्षिणेच्या सखल भागात एकूण किती बागा होत्या याचा दुरून आलेला अंदाज. उलट गव्हा-बार्लीचे कण जड, लांब जात नाहीत, म्हणून ते थोडे जरी सापडले तरी शेत जवळच होतं असं धरतात. द्राक्षाचंही तसंच, वेलीचे कण तळ्यात सापडणं म्हणजे बाग अगदी शेजारी. म्हणजे एकाच काचपट्टीवर जवळचं आणि लांबचं दोन्ही मिसळलेलं असतं आणि वाचणाऱ्याने ते सोडवायचं असतं. फक्त टक्के बघून चालत नाही.

टक्क्यांचा अजून एक घोळ. सगळं मिळून शंभर, त्यामुळे ओक वाढला की बाकी सगळं आपोआप कमी दिसतं, खरंच कमी झालं असो वा नसो. म्हणून नमुन्यात आधीच माहीत असलेल्या संख्येचे परदेशी बीजाणू टाकतात, लायकोपोडियमच्या गोळ्या मिळतात त्याच्या, मग हे किती मोजले आणि ते किती मोजले यावरून खरी संख्या काढता येते. बाकी काम कंटाळवाणं. हायड्रोफ्लोरिक आम्लात वाळू विरघळवा, सेंट्रिफ्यूज करा, काचपट्टी लावा आणि एका नमुन्यात तीनशे-पाचशे कण मोजत बसा. मान धरते. आणि त्या आम्लाची भीती वाटते ती वेगळी.

चराईसाठी आम्ही एका साध्या तणाकडे बघतो, अरुंद पानाचा इसबगोलाचा भाऊबंद म्हणा, गुरांनी तुडवलेल्या, खुरटलेल्या जागी तो माजतो. शिवाय शेणावर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू, ते वाढले की जनावरं वाढली.

आता खरा वांधा तारखांचा. नारसारखी वर्षावर्षाचे थर असलेली तळी फार थोडी. बाकीच्या ठिकाणी कार्बन-१४ वर काम चालतं आणि त्यात पन्नास-शंभर वर्षं इकडेतिकडे होणं नेहमीचं. चुनखडीच्या भागातलं तळं असेल तर जुना कार्बन पाण्यात मिसळून तारीख खोटी जुनी दाखवतं. नैऋत्य तुर्कस्तानात बेयशेहिर तळ्याच्या नावाने ओळखला जाणारा एक मोठा शेतीकाळ आहे, ऑलिव्ह, अक्रोड, चेस्टनट, द्राक्ष सगळं एकत्र, इसवीसनापूर्वीपासून चालू, आणि तो पहिल्या सहस्रकात कधीतरी संपतो. हे "कधीतरी"च भांडणाचं मूळ आहे. काही तळ्यांत लवकर, काही तळ्यांत सातव्या शतकात. ५४१ चा प्लेग, ६१० च्या पुढचे इराणी आणि ६५० नंतरचे अरब, हे तिघेही एकाच कार्बन तारखेच्या खिशात मावतात. मग ज्याला जो आरोपी आवडतो तो तो उचलतो.

खडूसकाका

हे बरं लिहिलंत. असं कुणी सांगत नाही. पेपरातल्या बातमीत सरळ "संशोधनातून सिद्ध" असं येतं.

द्राक्षबाग_तासगाव

मला इतिहासातलं काही कळत नाही पण द्राक्षाचं नाव आलं म्हणून लिहितो. आमच्याकडे बाग मोडायला दुष्काळच लागतो असं नाही. दुष्काळात माणूस टँकरने पाणी घालून बाग जगवतो, कर्ज काढतो, पण मांडव सोडत नाही, कारण लावल्यापासून हाताशी पैसा यायला वर्षं गेलेली असतात. बाग मोडते ती दर सलग पडले की, बेदाण्याला उठाव नसला की, नाहीतर छाटणीला आणि डिपिंगला (घड औषधात बुडवायला) माणसं मिळाली नाहीत की. तेव्हा तुमच्या त्या लोकांची बाग का मोडली हे बघायचं तर पाऊस नंतर बघा, आधी त्यांचा माल कुठल्या बाजाराला जात होता आणि तो बाजार कधी बंद पडला ते बघा.

इप्सिता

तासगावकर, तुम्ही नकळत एका मोठ्या वादात पाय टाकलात. नेगेवच्या वाळवंटात नेमकी हीच गोष्ट सापडलीय, आणि तीही कचऱ्याच्या ढिगात.

नेगेव म्हणजे इस्राएलच्या दक्षिणेचं वाळवंट, वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. माणदेश त्यापुढे कोकण वाटेल. तिथे बायझंटाइन काळात शिव्ता, एलुसा, नेसाना अशी गावं होती आणि ते लोक चक्क द्राक्षं काढत होते. डोंगरउतारावरचं वाहून येणारं पाणी दगडी बांध घालून घळीत अडवायचं आणि त्या गाळावर वेली लावायच्या. खतासाठी कबुतरखाने बांधलेले, त्यातली विष्ठा शेतात. त्याची वाइन गाझा बंदरातून लांबुळक्या मातीच्या बरण्यांत भरून जायची, या गाझा बरण्या फ्रान्सपासून ब्रिटनपर्यंत सापडतात आणि गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) तूर्सचा बिशप ग्रेगरी गाझाच्या वाइनचं नाव घेतो. म्हणजे चांगलं निर्यात मार्केट.

तर हैफा आणि बार-इलान विद्यापीठातल्या लोकांनी या गावांच्या बाहेरचे उकिरडे खणले. एकूण ११ ढीग, आणि चाळून द्राक्षाच्या बिया, गहू, बार्ली मिळून जवळजवळ दहा हजार दाणे काढले. धान्याच्या तुलनेत द्राक्षाच्या बियांचं प्रमाण बघितलं तर चौथ्या शतकापासून चढत जातं, सहाव्या शतकाच्या मध्याला शिखर गाठतं आणि मग उतरतं. २०२० ला छापलंय हे. त्याच्या आधी २०१९ ला एलुसाच्या उकिरड्यांच्या तारखा आल्या होत्या, तिथे शहराबाहेर शिस्तीत कचरा नेऊन टाकणंच सहाव्या शतकाच्या मध्याला बंद पडतं. म्हणजे मुस्लिम विजयाच्या जवळपास शंभर वर्षं आधी! शाळेत शिकवलेलं "अरब आले आणि वाळवंट परत आलं" हे तिथे बसत नाही.

मला यात सगळ्यात काय आवडतं सांगू? पुरावा म्हणून राजवाडा नाही, शिलालेख नाही. कोणीतरी रात्रीच्या जेवणानंतर थुंकलेल्या बिया.

अभ्यासू_आळशी

आता मात्र मी टेबलावर हात आपटणार. सहाव्या शतकाचा मध्य म्हणजे ५४१, आणि जस्टिनियनचा प्लेग (बायझंटाइन सम्राट जस्टिनियनच्या काळातली साथ) पहिल्यांदा नोंदला गेला तो पेलुसियमला, इजिप्तच्या पूर्व टोकाला, गाझापासून किनाऱ्याने चालत जाण्यासारखं. पुढच्या वर्षी तो कॉन्स्टँटिनोपलला पोचला, प्रोकोपियस दिवसाला पाच ते दहा हजार मेले म्हणतो. आणि जंतू तोच होता, येर्सिनिया पेस्टिस, हे बव्हेरियातल्या आशहाइमच्या आणि इंग्लंडमधल्या एडिक्स हिलच्या कबरींतल्या दातांमधून डीएनए काढून पक्कं झालंय. आणि वर ५३६ ची थंडी. तळ्याकाठचा, काय म्हणता?

तळ्याकाठचा

म्हणतो की गुंता तासगावकरांनी आधीच सांगितलाय. प्लेगने नेगेवमधले शेतकरी मेले म्हणून बागा गेल्या, की कॉन्स्टँटिनोपलमधले पिणारे मेले म्हणून दर पडले आणि बागा गेल्या? उकिरड्यात दोन्ही सारखेच दिसतील. आणि गाझाला लागण झाली म्हणून शिव्तालाही झालीच असं नाही, लिहिणारेही हे सांभाळून लिहितात, हवामान, साथ, बाजार, तिन्ही शक्यता मांडतात. वाळवंटात थोडा जास्त पाऊस अचानक पडला तर ते बांधही वाहून जातात हे वेगळंच.

शिवाय प्लेगवरच मोठं भांडण आहे. २०१९ ला ली मॉर्डेकाय, मर्ल आयझेनबर्ग वगैरेंनी परागकण, नाणी, पपायरस, शिलालेख सगळं एकत्र ठेवून विचारलं की बाबांनो, अर्धी माणसं मेली तर शेती कुठेतरी बसलेली दिसायला नको का? पूर्व भूमध्यातल्या गाळात ५४० च्या दशकात तशी पडझड दिसत नाही. त्यावर दुसऱ्या बाजूचे म्हणाले की तुमची गाळाची घड्याळं एवढी बारीक नाहीत, आणि माणसं मेली तरी उरलेले चांगली जमीन कसत राहतात. मीराताईंनी तारखांचं लिहिलंय ते इथे लागू.

खडूसकाका

म्हणजे थोडक्यात कुणालाच काही माहिती नाही आणि सगळे पेपर छापतायत.

इप्सिता

काका :) तसं नाही. द्राक्षं कधी कमी झाली हे माहिती झालं ना? पूर्वी तेही माहिती नव्हतं. का झाली हा पुढचा प्रश्न.

डोंगरवेडा

शिशाबद्दल कुणी बोललंच नाही. रोमन लोक चांदी काढायला शिसेयुक्त खनिज भाजायचे, त्याचा धूर थेट ग्रीनलंडपर्यंत जाऊन बर्फात बसलाय. २०१८ ला जो मॅककॉनेल आणि मंडळींनी त्या बर्फाचा जवळजवळ वर्षावर्षाचा आलेख काढला, इ.स.पू. ११०० ते इ.स. ८००. पहिल्या-दुसऱ्या शतकात उंच, आणि १६५ च्या अँटोनाइन साथीनंतर जे पडतं ते पुढची पाचशे वर्षं वर येत नाही. नाण्यांशी जुळवून बघा, तिसऱ्या शतकात २६० च्या दशकापर्यंत रोमन "चांदीच्या" नाण्यात चांदी पाच टक्क्यांच्याही खाली गेलेली. वरून मुलामा, आत तांबं.

आणि आल्प्समध्ये स्विस-इटली सरहद्दीवर कोल्ले न्यिफेत्ती नावाची हिमनदी आहे, तिथल्या बर्फात सातव्या शतकात, साधारण ६४०-६६० ला, शिसं परत वर येतं. त्याच सुमाराला फ्रँक राजे सोन्याची नाणी सोडून चांदीवर आले, आणि फ्रान्समध्ये मेल इथल्या खाणी सुरू होत्या. म्हणजे कप्पाडोकियात शेतात जंगल येत होतं साधारण त्याच सुमाराला पश्चिमेला धुराडी पेटत होती. "अंधारयुग" सगळीकडे एकाच वेळी लागलं नाही एवढं तरी यातून दिसतं.

अभ्यासू_आळशी

शिशाचा मुद्दा भारी. पण ग्रीनलंडला धूर पोचतो तो मुख्यतः स्पेन-फ्रान्सकडचा. पूर्वेच्या खाणी त्यात नीट दिसत नाहीत. बर्फाचंही जवळचं-लांबचं आहेच, मीरा यांच्या ऑलिव्हसारखं.

गप्पिष्ट

इंग्लंडमध्ये काय झालं? ४१० ला रोमन गेले आणि सगळीकडे जंगल माजलं असं वाचलंय.

मीरा_न

सगळीकडे नाही. पेट्रा डार्क यांनी ब्रिटनचे परागकण एकत्र करून बघितले, बऱ्याच ठिकाणी शेती-चराई चालूच राहते. हेड्रियनच्या भिंतीच्या (उत्तर सरहद्दीवरच्या रोमन भिंतीच्या) आसपास मात्र झाडी परत आलेली दिसते. सैन्य तिथे होतं, सैन्याला धान्य-चामडं लागायचं, सैन्य गेलं. इथेही तासगाव फॉर्म्युलाच.

गप्पिष्ट

ताई, आपल्याकडे असं काही झालंय का? तळी तर आपल्याकडेही आहेत.

मीरा_न

लोणार. तेही विवरातलं बंद तळं, फक्त ज्वालामुखीऐवजी अशनीचं. भारतीय आणि जर्मन संशोधकांनी तिथून साधारण १० मीटर लांबीचा गाळ काढला, त्यात मान्सून दुबळा असल्याचे दोन लांब काळ निघाले: एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. दुसरा काळ या धाग्याचा.

खडूसकाका

मग झालं की. ढवळीकर हेच सांगत होते, डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ. सातवाहनांची शहरं, तेर, नेवासे, भोकरदन, नंतर उतरणीला लागली त्यामागे पर्जन्यमान घटणं आहे म्हणून. इतिहासकार रामशरण शर्मांनी १९८७ च्या त्यांच्या पुस्तकात नगरांच्या ऱ्हासाचं खापर लांबच्या व्यापारावर फोडलं होतं, पण पाऊस नसेल तर व्यापार काय धुऊन प्यायचा?

तळ्याकाठचा

काका, आकडे परत बघा ना. २००० ते ६०० वर्षांपूर्वी म्हणजे इसवीसनाच्या सुरुवातीपासून यादव संपेपर्यंत! सातवाहनांच्या भरभराटीचा मोठा भाग त्यातच आला. मग वाकाटक, अजिंठ्याची पाचव्या शतकातली लेणी, बदामीचे चालुक्य, वेरूळचं कैलास, हेमाडपंती देवळं, आणि खुद्द लोणारचं दैत्यसूदन मंदिर, सगळं याच "कोरड्या" काळात. ह्युएनत्संग ६४० च्या सुमाराला इथून गेला तेव्हा दुसऱ्या पुलकेशीचं राज्य जोरात होतं. एवढा लांब कोरडा काळ हाताशी धरून एका शतकात तेर का उतरलं हे सांगता येत नाही. चौदाशे वर्षांच्या रेघेत सगळंच बसतं, चढणंही आणि पडणंही.

खडूसकाका

बरं. पण मग तेर-नेवाशाजवळच्या एखाद्या जुन्या तलावाचा गाळ, जिथे थर बारीक मोजता येतील, असा काढायला हवा. देवळाच्या पुष्करणीत तरी असेल काही.

मीरा_न

पुष्करण्या लोक दर काही वर्षांनी उपसतात हो, गाळ शेतात जातो. आणि आपली बहुतेक तळी उन्हाळ्यात आटतात, आटलं की हवा लागून परागकण कुजतात. मराठवाड्यात हीच अडचण येते. म्हणून उकिरडा चांगला. नेवाशाच्या पांढरीत (जुन्या वस्तीच्या टेकाडात) जळकं धान्य सापडतंच, त्याचं नेगेवसारखं थरवार प्रमाण काढणं जमण्यासारखं आहे.

द्राक्षबाग_तासगाव

एक विचारायचं राहिलं. ९५० ला कप्पाडोकियात शेती परत आली म्हणता, तर द्राक्ष-अक्रोड पण परत आले का?

तळ्याकाठचा

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता पण धाग्यातला सगळ्यात चांगला आहे. पहिल्यासारखे नाही आले. आलं ते मुख्यतः धान्य आणि चराई. फळझाडांचा जुना मेळ पुन्हा तसा जमलाच नाही.

आणि यामागे कोण होतं ते कागदावर सापडतं. दहाव्या शतकात बायझंटाइनांनी सरहद्द पूर्वेला रेटली, ९३४ ला मेलितेने हे अरबांकडचं शहर घेतलं, ९६५ ला तार्सस, स्वाऱ्या थांबल्या. पण मोकळ्या झालेल्या जमिनी गेल्या फोकास, मालेइनोस असल्या बड्या सरदार घराण्यांकडे. कप्पाडोकिया त्यांचा बालेकिल्ला, आणि त्यांना घोडे आणि गुरं पाळायची होती. छोट्या शेतकऱ्याच्या जमिनी ही मंडळी गिळतात म्हणून सम्राटांनी कायदे केले, ९३४ ला रोमानोस पहिल्याने, ९९६ ला बेसिल दुसऱ्याने. अक्रोड लावणारा माणूस वीस वर्षं तिथेच राहणार असतो. तो कूळ झाला, किंवा गेलाच, तर अक्रोड कोण लावणार?

पाऊस तेव्हाही बरा होता म्हणे, १००० नंतर तर परत ओला काळ.

द्राक्षबाग_तासगाव

मग सातबारा बघायचा, पाऊस नाही.

खडूसकाका

दोन्ही बघा. आणि पुढच्या वेळी ते लोणारचे आकडे धाग्यात आधी द्या, मी उगाच ढवळीकरांना मध्ये आणलं नसतं.